सामायिक

आमच्या एका फणसावर सातबाऱ्यात एकोणीस नावं.
आठ वारली, तिघं पनवेलला, एक मस्कतला,
उरलेली कोर्टात.
'सामायिक' म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

मग रत्नागिरीत ही नोकरी लागली.
पाच इस्पितळांची मिळून एक प्रयोगशाळा.
लांज्याचा गाल, चिपळूणचं गर्भाशय,
राजापूरची जीभ
एसटीच्या पार्सलातून, फॉर्मालिनच्या बरणीत,
तिन्हीसांजेला माझ्या टेबलावर.
मी त्यांना मेणात बसवते,
सुरीखाली चार मायक्रॉनचा पापुद्रा काढते.
कोमट पाण्यावर तो तरंगतो
तेवढा वेळ श्वास रोखायचा.
साध्या उसाशानेही सुरकुततो.

डॉक्टर नेवरेकर वरून बघतात, आहे की नाही ते लिहितात.
रिपोर्ट जातो. माणूस जातो,
टाटाला, किंवा घरी.
तुकडा उरतो.

उरलेल्याची परवानगी आधीच घ्यायची असते.
सिस्टर रजेवर होती, म्हणून मीच बसले
शेवंती कुबलच्या खाटेशी. देवगड, आनंदवाडी.
तीस वर्षं मशेरी, गालाच्या आत जखम,
सकाळी ऑपरेशन.
मी अर्ज वाचला: संशोधन, गुप्तता,
कधीही माघार घ्यायचा हक्क.
पाडून मागितलेला भाव ऐकावा
तशी ती मान हलवत होती, न मानता.

"खंय ठेवतलंस?"
फ्रीझरात. उणे ऐंशी. बर्फापेक्षा कितीतरी गार.
"बर्फाचा माका सांगतंस?
पस्तीस वर्सां बर्फाकडेच बसलंय.
बर्फ म्हणजे काय गो,
गिऱ्हाईक येयसर वाट बघणा."

मी अंगठ्यासाठी शाई पुढे केली.
तिने पेन मागितलं. सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.
"कुजाक मात्र दिव नको."

वादळ आलं तेव्हा ती जाऊन दीड वर्ष झालं होतं.
वीज चार दिवस नाही.
दुसऱ्या रात्री डिझेल संपलं आणि आकडा चढू लागला:
एकोणऐंशी, चौऱ्याहत्तर, अडुसष्ट.
उण्यातला आकडा चढतो म्हणजे उतरतो,
हे बाबू शिवगणला समजावत बसायला वेळ नव्हता.
नेवरेकरांनी सगळीकडे फोन लावले.
उचलला मिरकरवाड्याच्या अश्फाक मजगांवकरांनी,
मासळी निर्यातवाले.
"उणे चाळीस आहे माझ्याकडे. जनरेटर घरचा.
माकुलं सरकवतो थोडी."

थर्माकोलच्या सात पेट्या, टेम्पो,
रस्त्यात आडवे माड.
कोल्डस्टोरेजच्या दारात
कानटोपी घातलेल्या पोराने विचारलं, कसला माल?
मी म्हटलं, सामायिक.
त्याने पावतीवर तसंच लिहिलं.

एकसष्ट तास तिथे होत्या,
चीनला निघालेल्या माकुलांच्या मांडीला मांडी लावून.
परत आणल्यावर मी रजिस्टरात सगळं नोंदवलं,
तास, तापमान, माझी सही.
लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

परवा पत्र आलं. कुणीतरी, कुठेतरी
गालाचे चाळीस नमुने मागतंय.
माझी नोंद वाचून त्यांनी गोठवलेले नाकारले.
मेणातले चालतील म्हणाले.

आम्ही नावं पाठवत नाही. नुसते आकडे.
चारशे सतराचा ठोकळा मी खणातून काढला,
बर्फाच्या लादीवर ठेवला
(मेण गार असलं तरच सुरी नीट फिरते),
पापुद्रा काढला, पाण्यावर सोडला.
यातून काय निघेल मला माहीत नाही.
निघालं तरी मला कुणी कळवणार नाही.

गिऱ्हाईक इला गो, शेवंती,
एवढंच म्हणायचं होतं.
पण श्वास रोखलेला होता.