मधली चित्रं

मंगळवारी अमेरिकेहून खोकं येतं.
त्यात उन्हाळा असतो.
बारा वर्षांची ओपल, दहाचा वेंडेल,
आणि टक, ज्याचं वय कुणी लिहिलेलंच नाही
म्हणून मी त्याला साडेचारचा धरते.
गाव सपाट. मका, पाण्याची टाकी,
दोन झाडांना बांधलेली जाळीची झोळी
आणि झोळीत आजोबा, झोपलेले.

मुख्य चित्रं तिकडची माणसं काढतात.
पहिल्यात वेंडेल हातोडा फेकतो,
शेवटच्यात ओपल झेलते.
मधले अकरा कागद माझे.
बुचॉनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
उजेडाच्या काचेवर वाकून
मी हातोडा हवेत ठेवते.

बाहेर उणे नऊ. खिडकीला आतून बर्फ.
शेजारची बोंग-सुन फक्त आजोबा काढते,
तिच्या बोटांना आराम.
पोरं रोज सकाळी एक यंत्र बांधतात:
ढग पिळायचं, भोपळे हसवायचं,
शाळेची घंटा गिळून टाकायचं.
यंत्र बिघडतं आणि झोळीसकट आजोबांना उचलून नेतं.
ते चंद्राला वळसा घालून परत त्याच दोन झाडांमध्ये,
एक डोळा उघडून विचारतात,
जेवायला काय आहे?
तेवढ्यासाठी बोंग-सुनला पापणी काढावी लागते.
त्या दिवशी ती कुरकुरते.

तिसरं वर्ष. सुट्टी काही संपत नाही.
टक अजून साडेचारचाच,
माझ्या चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

मग एका मंगळवारी: कपडे वाळवायचं यंत्र.
सायकल उलटी, चाक वर, चाकाला मोजे बांधलेले.
माझी पेन्सिल थांबली.
हे मी पाहिलं होतं.

गुर्योंगपो, शाळेला सुट्टी, मी अकराची, गिसॉप आठाचा.
दोरीवर आईची माकुळं, उन्हाला वेळ फार लागतो
म्हणून आम्ही बाबांची सायकल उलटी केली.
पहिल्या फेऱ्यात माकुळं नाचली,
दुसऱ्यात सरळ झाली, झेंड्यासारखी,
तिसऱ्यात सुटली.
चौदा छपरावर, दोन विहिरीत,
एक पोस्टमनच्या टोपीवर, आणि तो
सलाम करावा तसा हात वर नेऊन
किती तरी वेळ नुसता उभा.
आईनं आधी माकुळं मोजली, मग आम्हाला.
तो म्हणाला, नुनानं फिरवलं.
मी म्हणाले, यानं.
दोघांना सारखीच पडली.

म्हणून सहाव्या कागदावर,
उडणाऱ्या मोज्यांत एक मोजा कमी करून
मी माकूळ काढलं. दहा पाय, नीट मोजून.
सेकंदाचा चोविसावा भाग.
तपासनीसानं शिक्का मारला,
खोकं अमेरिकेला परत गेलं, तिथेही कुणी हूं की चूं केलं नाही.

गिसॉप उल्सानला जहाजांना जोड मारतो.
फोन नव्या वर्षाला आणि आईच्या दिवसाला, बस.
पण मे महिन्यात, रात्री साडेअकराला वाजला.
इकडे मालिका कोरियन बोलायला लागली होती,
त्याची पोरगी टेप करून ठेवते,
थांबवते, मागे नेते, परत थांबवते.

नुना, तो म्हणाला.
मागे टीव्हीचा गुणगुणाट.
मोजे उडतात ना, तिथे थांबवलं की
एक माकूळ दिसतं.
असेल, मी म्हणाले.
बराच वेळ काही नाही.
मग: पण चाक तूच फिरवत होतीस.

पाऊण तास भांडलो.
पोस्टमनचं नाव दोघांनाही आठवेना.
लांबच्या फोनचं बिल त्याच्या माथी.

या मंगळवारच्या खोक्यात
टक पोहायला शिकतो.
पहिल्या चित्रात तो काठावर, नाक चिमटीत.
शेवटच्यात पाण्यात, तोंड उघडं.
मधे तेवीस कागद.
मला घाई नाही.