खरखरीत ळ

आमच्याकडे घंटा नसतेच.
चटई उलगडली की तास सुरू.

निखत सुट्या अक्षरांनी पत्ता मांडते:
पार्कसाइट, विक्रोली.
माझे हात पाठीमागे, एकमेकांना धरून.
वीस वर्षं झाली, अजून सुटायला बघतात.

तिकडे अद्वय हजार मण्यांची साखळी
दाराबाहेर, पार चपलांपर्यंत नेतो.
सातशे बाराला शिंक येते.
पुन्हा एकपासून.

निखत बराच वेळ बघत राहते,
उठते, खरखरीत कागदाचा ळ आणते,
दोन बोटं फिरवते:
एक वेटोळं, दुसरं वेटोळं,
जीभ टाळूला टेकवून, हळू.

ल उचलून डब्यात.
वेलांटी तशीच, जागेवर.

मी काहीच केलं नाही.
फक्त संध्याकाळी, केळी मागताना
माझीच जीभ
जरा जास्त वळली.