झाकण उलटं ठेवून

धुळ्याला पारोळा चौफुलीच्या अलीकडे,
टायरवाल्याला लागून जो पत्रा दिसतो
तो माझा.
दुपारी तिथे पाना धरायलाही फडकं लागतं.

हिरामण भामरेने गाडी आणून उभी केली.
सोळा-तेरा, सत्त्याण्णवचं मॉडेल,
सावद्याची केळी दिल्लीला नेऊन नेऊन
फाळक्यांवर चिकाचे काळे डाग.

बंद करू नको, म्हटलं.
आईल भरायचं झाकण फिरवून काढलं
आणि त्याच तोंडावर उलटं ठेवलं, नुसतं.
उकळत्या भगुल्यावरच्या ताटलीसारखं
ते नाचायला लागलं,
नाचत नाचत काठाला आलं, आणि पडलं.
ब्रीदरच्या नळीतून धूर,
ओट्यावरच्या म्हाताऱ्याच्या विडीसारखा, सवडीने.

"कितलं आईल पी राहिनी?"
हिरामण म्हणाला, थोडंसं.
मग म्हणाला, बिजासनचा घाट चढताना
मागच्या गाड्या हॉर्न देत नाहीत,
दिवे लावतात.

रिंगा झिजल्या की असं होतं.
पिस्टनला रेटायला जो जोर पेटवलेला असतो
तो फटीतून निसटतो,
चेंबरात उतरतो, आईल ढवळतो,
गेजची काडी उचलून बघतो,
सील ढकलून बघतो,
जिथून वाट मिळेल तिथून बाहेर.
चाकापर्यंत पोचतो तो उरलेला.
लोक म्हणतात, गाडीला दम लागला.
मी तसं म्हणत नाही.
दम आहे की. जागा चुकलेला.

फैजपूरहून लीलाधरशेठ झांबऱ्यांचा फोन आला.
शनिवारी गिऱ्हाईक येतंय नरडाण्याचं.
जाड आईल टाक, नळी लांब कर,
मागच्या चाकाआड सोड. पाचशे वर.
फोन ठेवायच्या आत पाचशे पडलेही.

नळी मला लांब करता येते. किती गाड्यांची केलीय.
पाच लिटरचा कॅन चेसीला तारेने बांधायचा,
नळीचं तोंड त्यात, टोपणाला भोक.
भोक विसरलं तर सगळी सीलं उडतात.
विसरतात लोक.

रात्री हिरामण ट्यूबच्या ढिगावर बसला
आणि पाय हलवत सांगू लागला.
दोन वर्षं तो वरचं आईल
स्वतःच्या भत्त्यातून टाकत होता.
शेठला कळलं तर गाडी विकतील,
गाडी गेली की चौदा वर्षांची सीट गेली.
म्हणून गेजची काडी रोज पहाटे तोच पुसायचा,
क्लिनरला हात लावू द्यायचा नाही.
मी मनात हिशोब केला :
तेव्हाच आला असता तर रिंगांवर भागलं असतं.
हिशोब मनातच ठेवला.
त्याने विडी मागितली, माझ्याकडे नव्हती.

शनिवारी स्कुटीवरून गिरासेबाई आल्या.
मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर दप्तर.
रंग बघितला नाही, टायर बघितले नाहीत.
बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या,
"चालू करा" म्हणाल्या,
झाकण काढलं,
आणि उलटं ठेवलं.

जाड आईल टाकलेलं, तरी ते नाचलंच.
जरा जड पायांनी.

बाईंनी भोकावर तळवा धरला,
तेलाचे बारीक थेंब बघितले, माझ्याकडे बघितलं.
"नुसत्या रिंगा, का स्लीव्हसकट?"
खिशातला फोन एकदम वजनदार झाला.
"स्लीव्हसकट," मी म्हटलं.

"आनि ड्रायव्हर कोन शे?"
हिरामणने हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"कितलं पेस?"

पोरगं दप्तर सोडून झाकणाकडे बघत होतं.
हिरामणने एकदा फैजपूरच्या दिशेला बघितलं
आणि आकडा सांगितला.
खरा. इंदूरपर्यंतचा वेगळा, घाटातला वेगळा,
उन्हाळ्यातला वेगळा.
थांबेचना.
बाई बोटांवर मोजत राहिल्या.

त्या पाचशेचं म्हणाल तर
मी परत पाठवले नाहीत.
त्यातून तार आणि नळी आली होती,
आणि उरलेल्यात
विडीचं बंडल.