तिबार

उदगीरला चौबाऱ्यामागच्या गुरुकृपा छापखान्यात
अप्पांनी एकतीस वर्षं खिळे जुळवले.
पत्रिकेत 'आपले आपले' असं पडलं
तर वाचायच्या आधी बोटाला कळायचं.
"दुबार," म्हणायचे,
आणि चिमट्यानं एक उचलून केसमध्ये टाकायचे.

मी लातूरच्या कॉलेजात शब्दांचं गणित शिकवते.
तेच लगेच शेजारी न येऊ देता
किती लांब लिहिता येईल, एवढंच ते.
तीन अक्षरं दिली तर जन्मभर पुरतं.
दोनच दिली तर चौथ्या जागी हात अडतो:
अ ब अ, पुढं काहीही ठेवा,
दुबार.
पोरं फळ्याकडं बघतात, मागचा बाक मोबाईलकडं.

फेब्रुवारीत अप्पांच्या डोक्यात गाठ फुटली.
सगळी केस सांडली. दोन खिळे उरले.
हो.
नको.

दोन ओळींचा एक नियम आहे:
हो दिसला की तिथं लिही, हो नको.
नको दिसला की लिही, नको हो.
लावत जा.
हो
हो नको
हो नको नको हो
हो नको नको हो नको हो हो नको
दुबार येतंच, दोन अक्षरांत सुटका नाही.
पण तिबार कधीच नाही, कितीही लांब जा.
सिद्धता अर्ध्या फळ्यात मावते.
शिकवताना मला ती कोरडी वाटायची.

रविवारी संध्याकाळी मी खाटेशी वही घेऊन बसले.
उशी सरकवू? हो.
च्या? नको.
पंखा? नको.
रेडिओ लावू? हो.
खिडकी लोटू? नको.
आत्या आतून ओरडली,
"तेच तेच काय ईचारलालीस गं, थकलेत ते!"
पाय चेपू? हो.
रेडिओ बंद करू? हो.
सात जागा नियमाला धरून.
आठवीला नको यायला हवं होतं.
मी विचारलं,
अप्पा, उद्या लातूरला जाऊ?

बराच वेळ छताकडं बघत राहिले.
हो.

वहीत तीन हो, एकाला एक चिकटून.
मी पेन्सिल खाली ठेवली.
तेवढ्यात त्यांचा डावा हात हलला,
ज्यात आयुष्यभर नुसती स्टिक धरली तो.
दोन बोटं चिमट्यासारखी जुळली,
चादरीवरून त्यांनी काहीतरी बारीक उचललं
आणि खाटेच्या कडेला नेऊन सोडलं.

पायाचा, रेडिओचा, की माझा,
कुठला हो काढला
ते सांगायला तिसरा शब्द लागला असता.

सकाळची सातची गाडी मी जाऊ दिली.