हातचा नाही

इली.
आधी नुसतं रान. मग रानातून ओढत आणलेलं लाकूड.
पुढे कुणा विचारवंताला
ज्याचं काहीही घडवता येतं त्या मूळ वस्तूसाठी
शब्द हवा होता.
त्याने सुताराच्या अंगणातून हाच उचलला
आणि परत आणून दिला नाही.

थ्रासिवुलोसला तो लाकडापुरताच ठाऊक.
सामोसच्या पश्चिम टोकाला, जिथे उतार थेट पाण्यात शिरतो,
तिथे त्याचा होड्यांचा कारखाना.
पाइन तोडायचा तो जानेवारीत, चंद्र उतरत असताना,
नाहीतर कीड धरते म्हणे.
आधी वाकडी झाडं शोधायची.
सरळ झाडाच्या फळ्या पडतात,
होडीच्या बरगडीला जन्मतः वाकलेलं लागतं.

प्रत्येक बरगडीवर पटाशीने एक अक्षर.
अल्फा एक, वीता दोन, ईता आठ.
आजा असंच मोजायचा.
आकडे पुसले जातात, अक्षराला खोली असते,
असं काहीतरी तो म्हणायचा, ओठांत खिळे धरून.

अर्गिरो नऊ वर्षांची होती तेव्हा शाळेतून पळत आली.
बाबा, शब्दांचीसुद्धा बेरीज होते!
इप्सिलॉन चारशे, लाम्दा तीस, ईता आठ.
इली चारशे अडतीस.
हातचा किती?
हातचा नाही.
मग सोपं आहे, तो म्हणाला, आणि रंधा उचलला.
तिने भुशात बोटाने मोठी अक्षरं काढली:
एक दुबेळकं झाड,
एकमेकांवर रेललेले दोन वासे,
दोन खांब, मधे आडवी पट्टी.
रंधा थांबला.
हा तर माझा अख्खा दिवस लिहिलास तू.

पांदेलीसची होडी त्यानंतरच्या वर्षीची.
नाव झोई. म्हणजे जीवन, आणि त्याच्या बायकोचं नावही.
एकेचाळीस वर्षं तिने मासळी आणली,
एकदा नवरदेव, एकदा शवपेटी,
आणि एका पहाटे उलटलेल्या रबरी नावेतली अकरा माणसं,
ज्यांची नावं कुणाला नीट लिहिता आली नाहीत.

मग कागद आला.
परवाना परत करा, होडी मोडा, रक्कम घ्या.
मोडा म्हणजे मोडाच. विकायची नाही,
अंगणात ठेवून कोंबड्या पाळायच्या नाहीत.
पोकलेन सकाळी नऊला आला.
दात आधी टपावर टेकले, जरा वेळ, जणू चव घेत,
मग कण्यापर्यंत गेले.
आवाज झाडाचाच होता. पडतानाचा. फक्त उशिरा आलेला.

मी हे ज्या भाषेत लिहितो आहे
तिथे त्या विचारवंताच्या शब्दाला द्रव्य म्हणतात.
जुने वैयाकरण सांगतात, त्याच्या पोटात द्रु आहे, झाड.
आणि द्रव्य म्हणजे पैसासुद्धा.
पांदेलीसला हे सांगून उपयोग नाही.
त्याच्या खात्यात ते जमा झालं.

शिक्का अर्गिरोने मारला.
बंदराच्या कचेरीत तेच तिचं काम, आता पन्नाशीची आहे.
खिडकीतून ढीग दिसत होता, ढिगात वाकलेला बाप,
खिळे वेचत.
तिने फॉर्मच्या पाठीवर मांडलं,
झेता सात, ओमेगा आठशे, ईता आठ.
झोई आठशे पंधरा.
दोन्ही शब्दांच्या शेवटी तोच आठ.
त्यातून इली वजा.
पाचातून आठ जात नाहीत, उसना घ्यावा लागतो.
पुढच्या घरात पुन्हा उसना.
उरले तीनशे सत्त्याहत्तर.
आता हे कुठल्या रकान्यात भरायचं?

संध्याकाळी ती घरी आली तर
चुलीशेजारी भिंतीला टेकून आठवी बरगडी.
दोन खांब, आडवी पट्टी, कडा अजून धारदार.

जाळणार आहात का?

आज नको, तो म्हणाला.
ओलं आहे.

ऑगस्ट होता. पाऊस मे महिन्यापासून नव्हता.
ती आत गेली, ताटं काढली.