तप्पात्री

साचा ओला होता.
उद्यमबागेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
ओल्या रेतीत लोखंड ओतलं की ते उलटं येतं,
अंगावर येतं.
मल्लेशीला ठाऊक नव्हतं. सहावा दिवस त्याचा.
वाळलाय म्हणाला,
मी ओतलं.

डाव्या हाताची दोन बोटं. करंगळी, आणि तिच्या शेजारची.

सिव्हिलमध्ये तो खाटेच्या पायाशी उभा,
तोंडात एकच शब्द, तप्पात्री.
चुकलं जी. चुकलं.
त्याची आई सौंदत्तीकडची, मराठी येत नव्हतं,
तीन दिवस वॉर्डाबाहेर फरशीवर बसून होती,
जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी आत पाठवत.
मी खाल्ली. खरं बोललो नाही.

आता दोन बोटं म्हणजे काय.
शर्टाची बटणं लागतात, रेती ठोकता येते,
मालकानं कामावर ठेवलं.
खरं मी खानापुरात रविवारच्या मिसेला
एकवीस वर्षं फिडल वाजवत होतो.
बाबानं मडगावहून आणलेलं, पेटीला आतून लाल मखमल,
राळेच्या वड्या काड्यापेटीत.
ती पेटी कपाटावर टाकली
आणि वर पापडांचे डबे ठेवले.

प्रार्थनेत ती ओळ येते,
दुसऱ्याचं सोडून द्यायची.
तिथं मी नुसते ओठ हलवायचो,
आवाज शेजारच्या फिलोमिनाचा.
फादर म्हणाले, पास्कू, तुझा तर धंदाच तो,
भंगार वितळवून नवं काहीतरी करायचं.
मी म्हटलं, फादर, भंगाराला कुणी माफ करत नाही.
किलोवर घेतात.

मग पंपाच्या कव्हरांची ऑर्डर आली, दोनशे नग.
वरून एकाला चीर नाही, आरशासारखे.
मल्लेशी हातोडीनं एकेकाला टिचकी मारत सरकत होता,
कुणी सांगितलेलं नसताना.
एकाशी थांबला. पुन्हा मारली. कान लावला.
“मामा, ह्याच्या पोटात पोकळ हाय.”
फोडलं.
जोंधळ्याच्या दाण्याएवढा बुडबुडा.
असे सतरा काढले त्यानं, सतराच्या सतरा बरोबर.
आणि जाता जाता दोन चांगल्या नगांकडं बोट करून म्हणाला,
“ही दोन शेजारी ठेवू नका, भांडत्यात.”
सगळे हसले.
सुट्टी झाल्यावर मी एकट्यानं दोन्ही वाजवून बघितली.
अर्ध्या सुराचा फरक होता.

राग आला, खोटं कशाला सांगू.
एवढा कान दिलाय देवानं
आणि साचा ओला आहे एवढं कळू नये?
बसमध्ये मच्छेपासून रागावत आलो,
इदलहोंडपर्यंत तोच राग पुरला.
तिथं एक म्हातारा कोंबडी घेऊन चढला, त्याला जागा दिली,
आणि उभ्या उभ्या लक्षात आलं,
ओल कानाला कळत नाही. हाताला कळते.
चिमूटभर रेती मुठीत दाबायची, उघडायची,
कशी फुटते ते बघायचं.
हे मला माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी दाखवलं होतं.
मी मल्लेशीला सहा दिवस झाडू दिला होता.

घरी जाऊन पापडांचे डबे खाली काढले.
दोन तारा गंजलेल्या, घोडी कललेली.

आता रविवारी मिसेनंतर चर्चमागच्या फणसाखाली तो येतो,
कपाळावरचे विभूतीचे पट्टे तसेच,
फादर लांबून बघतात, काही विचारत नाहीत.
माझ्या उरलेल्या बोटांनी मी जागा दाखवतो,
तो चारी बोटांनी धरतो.
त्याची ती करंगळी तारेवर टेकते तेव्हा
अजून कधी कधी माझ्या पोटातून
काहीतरी गरम, उलटं येतं.
येऊ देतो. थोडा बाजूला सरकतो.

सूर घसरला की त्याला आधीच कळतं.
गज उचलतो, मान खाली.
“तप्पात्री.”
“तप्पातु,” मी म्हणतो.
“पुन्हा.”