शिखर नसलेला डोंगर

सोलापूरहून निघालेली रिग
मुस्तीच्या माळावर नऊला लागली,
आणि शाळा बुडवून आलेली चार पोरं विचारू लागली,
"मॅडम, ज्वालामुखी कुठंय?"
पुस्तकात त्यांनी पाहिलेला : टोकदार, धूर ओकणारा.

मी बोट फिरवलं. ती बाभूळ, हा बांध,
सुगलाबाईचं तुरीचं रान, पलीकडचा टॉवर.
हाच.
टोक नव्हतंच रे त्याला.
जमीन उसवली लांबच लांब
आणि आग चढली नाही, पसरली,
चुलीवर दूध ठेवून
घरातली सगळी माणसं निघून जावीत, तशी.

दर दहा फुटांना चुऱ्याची एक ढेरी.
वीस : मुरूम. चाळीस : काळा कातळ.
हॅमरचा आवाज बदलला की कल्लप्पा मान कलती करतो.
(त्याच्या नावातच दगड आहे, कानडीत.)
"आता मांजऱ्या," म्हणतो,
आणि मांजऱ्याच असतो : भोकाभोकांचा,
थिजताना बाहेर पडू न शकलेले बुडबुडे.
एका भोकात पांढरी कणी, खडेमिठाएवढी.
फार मागाहून आलेलं पाणी
तेवढीच जागा सजवून गेलेलं.

एकशे दहाला भुकटी लाल होते.
पोरं मागं सरकतात.
रक्त नाही रे, माती आहे,
आगीच्या दोन पुरांमधली.
मध्ये इतका काळ गेला
की कातळ झिजला, पाऊस मुरला,
काहीबाही उगवलंही असेल,
आधीचं सगळं विसरून.
मग पुन्हा.

दुपारी कल्लप्पा डबा उघडतो :
कडक भाकऱ्या एकीवर एक, मध्ये शेंगाचटणी.
"हा बघा तुमचा नकाशा."
चौदा वर्षं भूजल खात्यात आहे मी,
असा छेद मला एकदाही काढता आला नाही.

"किती वर्षं झाली म्हणायची याला?" सुगलाबाई विचारते.
साडेसहा कोटी.
शेजारच्या गावाचं अंतर ऐकावं
तशी ती मान हलवते.
"बरं. आणि पाणी?"

दोनशे चाळीस. नुसती धूळ.
आमच्या कपाळावर, भुवयांवर, भाकरीवर
तीच जुनी आग, पीठ होऊन.

रॉड वर येतो.
सगळ्यात लहानगा हात लावतो, झटक्यात काढून घेतो,
"अजून गरमच आहे!"

घर्षणानं, असं सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही.
वहीत पुढचा आकडा लिहिला :
दोनशे साठ. किंचित ओलसर.